घटातली काळी माती

(दोन जावा, थोरलीच्या देवघरात. देवीचं नवरात्र सरत आलं आहे, पण घटाभोवतीच्या मातीतून एकही कोंब वर आलेला नाही. दाराशी थोरलीची नवी सून, हातात भरलेली बॅग.)

धाकटी: एकोणीसशे बाहत्तर होतं ते, जाऊबाई. एकाहत्तर नव्हे. एकाहत्तरच्या नवरात्रात तर माझं लग्नही ठरलं नव्हतं.

थोरली: साल कुठलंही असो. तू पेरलेला घट उगवला नाही, हे घर विसरलेलं नाही.

धाकटी: घर म्हणजे कोण? त्या वेळच्यांपैकी आता तुम्ही आणि मी, दोघीच उरलोय.

थोरली: मग मी विसरले नाही असं समज. तुला इथे बोलावलं कुणी?

धाकटी: तुमच्या चिरंजीवांनी. आईसमोर तोंड उघडायची छाती नाही, मग काकूला फोन. म्हणाला, आई हिला चार दिवस माहेरी पाठवतेय.

थोरली: चारच दिवस. देवी उठेपर्यंत. नंतरचं नंतर बघू.

धाकटी: सासूबाईही मला असंच म्हणाल्या होत्या. शब्द न् शब्द हाच. पुढचं नवरात्र तोंडावर आलं तरी मी माहेरच्या मागच्या खोलीत गोधड्या शिवत बसले होते. शेवटी हे आले न्यायला, तेही आईला न सांगता. तिथून जे भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो, ते या घरात फक्त पाहुण्यासारखे आलो.

थोरली: वेगळी चूल तुला हवीच होती.

धाकटी: हवी होती का, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. आता तुम्ही परस्पर ठरवताय.

थोरली: हे बघ, रीत मी काढलेली नाही. नवी सून आली की पहिल्या नवरात्रात घट तिने पेरायचा. घट म्हणजे बाईची कूस. माती धरते की नाही, ते देवी आधीच दाखवून देते.

धाकटी: मला दोन मुलं झाली. मग देवी चुकली, की तुम्ही?

थोरली: देवीला मध्ये आणू नकोस.

धाकटी: नवरात्र तिचं, देवघर तिचं, आणि तिलाच मध्ये आणायचं नाही. बरं आहे.

थोरली: तुझी जीभ अजून तशीच आहे. नऊ दिवस देवी युद्ध करते. घट हिरवा झाला, तर ती जिंकली. काळा राहिला, तर घरात काहीतरी अशुभ आलंय. सासूबाईंचे शब्द आहेत.

धाकटी: युद्ध करते ते कुणाशी? सुनेशी? त्या तसबिरीत बघा. एवढे हात आहेत तिला. त्यातल्या एकाही हाताचं बोट दरवाज्याकडे दाखवलेलं दिसतंय का? आणि पायाखाली कोण आहे? रेडा. माजलेला. ज्याला वाटतं की आपल्याला कोण अडवणार. तो प्रत्येक घरात एक असतोच. सून नवी असते, तिला माज करायला वेळ तरी कुठे मिळतो?

थोरली: म्हणजे रेडा मी.

धाकटी: मी नाव घेतलेलं नाही.

थोरली: घ्यायचं राहिलंय तेवढंच. तू मला देवीचा अर्थ शिकवणार? रोज पहाटे पूजा मी करते. तू तर उठतेस आठाला.

धाकटी: साडेसातला. आणि मला एवढंच कळतं की याला नवरात्र म्हणतात. दिवस नाही म्हणत, रात्र म्हणतात. दाणा मातीखाली जातो, काळोखात. तिथे काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. न दिसणाऱ्यावर विश्वास टाकून शेजारी दिवा लावून बसायचं, हीच मला तरी पूजा वाटते. तुम्ही मात्र रोज माती उकरून बघितलीत.

थोरली: कोण म्हणालं?

धाकटी: घटाभोवती बोटांच्या खुणा आहेत. ही पोर तर माती शिवायलाही घाबरतेय.

सून: काकू, राहू द्या ना. मी जाते. माझ्यामुळे वाद नको.

धाकटी: तू आधी आत ये आणि ती बॅग खाली ठेव. हात दुखेल. मला एक सांग, गहू कसे भिजवलेस?

सून: आईंनी सांगितलं तसेच. दुकानातलं धान्य, कुणाकुणाचे हात लागलेले, म्हणून कढत पाण्यातून काढून घ्यायचे.

धाकटी: किती कढत?

सून: आधण आलं होतं. तसंच ओतलं आणि झाकून ठेवलं. चुकायला नको म्हणून थोडा जास्तच वेळ ठेवलं.

धाकटी: तिथेच शिजले ते गहू. अगं, मीही तेच केलं होतं. सासूबाई म्हणाल्या कढत, मी उकळतं ओतलं. त्यांच्या धाकाने पातेलं धरताना हात भाजला, तरी बोलले नाही.

थोरली: आधण काय, माझ्याही वेळेला तेच सांगितलं होतं.

धाकटी: आणि तुमचा घट तर दरवर्षी हिरवागार. सासूबाई चौकात दृष्ट काढायच्या तुमची.

थोरली: यायचाच तसा.

धाकटी: उकळत्या पाण्यात घालून?

थोरली: त्याला काय होतंय.

धाकटी: जाऊबाई, समोर देवी आहे.

थोरली: सकाळी कामं थोडी असायची का? स्टोव्हवर पातेलं चढवा, उतरवा. मी गहू नुसते नळाखाली धरायचे.

धाकटी: पहिल्या वर्षीही?

थोरली: पहिल्याच वर्षी स्टोव्ह बिघडला होता. मग तीच सवय लागली. सासूबाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

धाकटी: आणि त्या स्वतः?

थोरली: त्या आधण उतरवायच्या आणि जपाला बसायच्या. माळ संपली की मग गहू घालायच्या. पाणी कोमट झालेलं असायचं. पण कुणी विचारलं तर कढत असंच सांगायच्या.

धाकटी: त्यांच्या ध्यानातच आलं नसेल.

थोरली: माझ्याही आलं नाही. आजपर्यंत.

धाकटी: म्हणजे या घरात जिने ऐकलं नाही, तिचा घट उगवला. आणि ज्या दोघींनी शब्द खाली पडू दिला नाही, त्यांना घराबाहेर काढलं.

थोरली: टोमणे मारायला आलीस, मारून झाले. मला हे सगळं पटलेलं नाही.

धाकटी: नसेल पटलं तर नसू दे. हिला राहू द्या.

थोरली: राहू दे. मी काय ओढून काढतेय? सूनबाई, आरतीचं ताट तू धरायचंस. आणि ते डोळे पूस, देवीसमोर असं तोंड घेऊन उभी राहू नकोस.

सून: हो, आई.

धाकटी: निघते मी.

थोरली: बस जरा. आल्यासारखी चहा घे. भावजी गेले तेव्हाही मी नीट बोलले नाही तुझ्याशी.

धाकटी: आला होतात, तेवढं पुरे. थोरले भावजी गेले तेव्हा मीही दारातूनच परत गेले होते. फिटलं.

थोरली: तुझी मुलं?

धाकटी: थोरला बोटीवर असतो. धाकटीने शाळा काढलीय लहान मुलांची. फोन करतात.

थोरली: सासूबाईंचं शेवटी तूच केलंस.

धाकटी: तुमची कंबर धरली होती ना. रिक्षातून उतरवलंत त्यांना माझ्या दारात, आणि रिक्षा थांबवूनच ठेवलीत.

थोरली: तेही लक्षात आहे तुझ्या.

धाकटी: दोन नवरात्रं झाली त्यांची माझ्याकडे. घट मीच पेरायचे, त्या खाटेवरून बघायच्या. चांगला उगवायचा. बोलल्या मात्र काही नाहीत.

थोरली: माझ्याविषयी काही बोलायच्या का? शेवटी शेवटी?

धाकटी: नाही.

थोरली: एकदाही नाही?

धाकटी: एकदा म्हणाल्या होत्या. थोरलीचा घट काय सुरेख यायचा.