मुनीमजीची कडक स्प्रिंग

—पण कडक कायले पायजे जी, श्यामलालभाऊ? मुनीम माणूस तुमी, मिलमधून एवढ्या उन्हाचं उठून आले, नमुना टेबलावर ठेवला अन् म्हणता, हीच पण कडक. अशी नाई घेत स्प्रिंग. पहिले सांगाव लागते, वजन किती येते, किती दबते, गरमीत राहते का पाण्यात. जाड तार घेतली की कडक होते, खरं आहे—पण मग तेवढी दबत नाई न! अन् पुरी दाबली, वेढ्याले वेढा टेकवला, तं तिचा जीव लवकर जाते. थोडी फट राहूच द्याव. टोकं सपाट पायजेत, नाई तं वाकडी बसते, दांड्याले घासते—अन् घासली तिथंच तुटते. सासऱ्यानं हेच शिकवून दुकान माह्या हाती देल्लं. तं कोणत्या कामाची आहे ही? पंपाची? बरं, पंपाची.

पंपाची स्प्रिंग अशी निळी नाई पडत, भाऊ. ही वाफेतली आहे. तुमच्या बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची—घ्या, निघालंच माह्या तोंडून. नाई जी, आमचे हे तुमच्या बॉयलरवर आहेत म्हणून काय झालं, यांनी काहीच नाई सांगतलं. ते तं बॉयलरचं नावच काढत नाईत घरी, घास हातात धरून बसते माणूस, भात थंडा होते. म्हणे व्हॉल्व्ह घडीघडी उडते, मालक म्हणते वाफ वाया चालली, कडक स्प्रिंग घाला—अवो, तो उडते म्हणून तं मिल जागेवर आहे! वाफ वाढली की स्प्रिंग दबते, वाफ बाहेर निघते. स्प्रिंग दबलीच नाई तं वाफ जाईन कुठं? बॉयलर फोडून जाईन. आमच्या यांनी, जागेश्वरनं सांगतलं म्हणून नका सांगू मालकाले, पाया पडते. काढून टाकन तो त्यांले.

थांबा. ही तं इथं आहे, माह्या हातात—मग तिथं काय आहे? मिल बंद आहे न? बंदच असंल. बोला न जी! ... सुरू? धान उकळून राहिले? अन् व्हॉल्व्हमंदी काय घातलं? नळीचा तुकडा? अरे देवा—अन् दुसरा व्हॉल्व्ह तं कवाचाच जाम आहे! यांले माहीत आहे? ... नाई सांगतलं? यांची ड्युटी लागाच्या आधी दुसऱ्या माणसाकडून बसवून घेतला? सरका, माहा मोबाइल कुठं आहे—यांले लावते—उचला न, उचला, उचला—

हॅलो, ऐका. आधी ऐका! भट्टीत भुसा टाकणं बंद करा. व्हॉल्व्हमंदी स्प्रिंग नाई, नळी ठोकली आहे. हो, आत्ता समजलं. वाफ धानाच्या टाक्यांत सोडा—हळू, एकदम नाई. अन् आंगणात धान वाळवणाऱ्या बायाले बाहेर काढा, त्यांच्यातल्या अल्काले हाक मारा, ती नेईन साऱ्यांले. मालक ओरडते तं ओरडू द्या, मुनीमजी इथंच आहेत, तेच सांगून राहिले बंद करा म्हणून—मान कायले हलवता, श्यामलालभाऊ? बोला! जोरानं बोला, फोनात! ... ऐकलं न? वाफेचा काटा कुठं आहे? ... लाल रेघेच्या वर? सोडा, सोडा, मी आहे, फोन नाई ठेवत मी. बोलत राहा. काही बी बोला—

उतरून राहिला? नक्की? पुन्हा पाहा ... उतरला. बाया गेल्या? तुमी बी निघा आता, रस्त्यावर या.

उठा जी. नाई, देत नाई मी. ना कडक, ना नरम. अन् ही जुनी बी इथंच राहीन, बॉयलरचा इन्स्पेक्टर आला की त्याच्या हातात देईन—मालकाले सांगा खुशाल, कोणाच्या बायकोनं सांगतलं ते बी सांगा. हॅलो? हो, आहे मी ... अहो, रडता कायले? ... जा न, श्यामलालभाऊ. पाहत कायले राहिले? जा म्हणते न. माह्या माणसासंग बोलू द्या मले.