झुंबर दोंदे यांनी घेतली नव्हती

दिनांक १८/१०/१९८३

मी भिमाबाई सहादू पगारे, वय ५६ वर्षे, धंदा कोंबड्या पाळून अंडी विकणे, राहणार पाटाजवळची वस्ती, गंगापूर रोड, नाशिक. समक्ष विचारल्यावरून माझा जबाब देते तो असा की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझ्या भिंतीला लागून झुंबर काशिनाथ दोंदे हे पत्नी सुमनबाई व दोन मुलींसह राहतात. झुंबर सातपूरला एका कारखान्यात फिटर आहेत. कामात हात चांगला, पण दारूचे व्यसन जुने. कामावर पिऊन गेल्याबद्दल कारखान्याने त्यांना शेवटची ताकीद दिलेली आहे. दारूचा गुन्हा दाखल झाला तर नोकरी जाणार, हे वस्तीत सर्वांना माहीत आहे. ते पिऊन येऊन माझ्या खुराड्यावर पडत व मी त्यांना शिव्या देत असे. त्या शिव्या येथे सांगण्याची गरज नाही.

१४ ऑक्टोबर रोजी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला आम्ही सर्व विहारात होतो. सर्वांनी पंचशील म्हटले. त्यातले पाचवे शील मद्य न घेण्याचे. ते म्हणून झाल्यावर झुंबर पुढे आले व आजपासून दारू बंद, असे सर्वांसमक्ष बोलले. लोकांनी साधू, साधू, साधू म्हटले. मी म्हटले नाही, कारण असे बोलणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी ते संध्याकाळच्या वंदनेला आले. हात इतके थरथरत होते की मेणबत्ती पेटवता येईना. शर्ट घामाने चिंब झाला होता. आम्हाला वाटले, पश्चात्तापाने मन भरून आले. मंडळींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, दोन बाया रडल्या. मलाही त्या वेळी त्यांच्याविषयी फार बरे वाटले. यांना दवाखान्यात न्यावे, असे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

काल १७ तारखेला सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकत असताना झुंबर यांच्या घरातून ओरडा ऐकू आला. मी आत गेले. झुंबर कोपऱ्यात उभे राहून, "भित्तीवरून मुंग्या उतरू राहिल्या, पोरींना उचल," असे ओरडत होते. भिंतीवर काही नव्हते. डोळे लाल, तोल जात होता. सुमनबाई त्यांचे दोन्ही हात धरून, "मी हाय ना, मी झाडते मुंग्या," असे म्हणत होत्या व खरोखर कुंच्याने भिंत झाडत होत्या. माझे मयत पती सहादू यांनाही अशीच थरथर सुटत असे. त्याला वस्तीत मस्ती म्हणत. त्याबाबत मला अधिक सांगायचे नाही.

इतक्यात धोंडीराम रोकडे, जे पूर्वी झुंबर यांच्यासोबत प्यायला बसत, ते ग्लासात दारू घेऊन आले. "वयनी, एवढी पाजा, आत्ता गार होईल गडी," असे ते म्हणाले. धोंडीराम मनाने वाईट नाहीत, त्यांना झुंबर यांचे हाल बघवले नाहीत. झुंबर यांना त्या वेळी बायको ओळखू येत नव्हती, मुली ओळखू येत नव्हत्या. पण ग्लास ओळखू आला. "नाय! शील घेतलंय म्या!" असे ओरडून त्यांनी ग्लासाला फटका मारला. दारू त्यांच्याच शर्टावर सांडली व ग्लास माझ्या कपाळावर लागून फुटला. मला जखम झाली ती अशी, त्यांच्या आजारात. त्यांनी मला मारले असे जे कोणी सांगितले असेल ते खोटे आहे.

रक्त पाहून कोणीतरी चौकीत कळवले. जमादार व एक शिपाई आले. अंगाला दारूचा वास, डोळे लाल, बाई रक्ताने भरलेली. त्यांनी झुंबर यांना दंडाला धरून बाहेर काढले. सुमनबाई दारात आडव्या झाल्या. ही बाई पंधरा वर्षे माझ्या शेजारी आहे, मी तिचा चढा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या जमादारांना म्हणाल्या, "साहेब, शर्ट नका हुंगू. तोंड हुंगा." जमादार ऐकेनात. त्या बाजूला सरकेनात. सगळी वस्ती बघत होती. शेवटी जमादारांनी झुंबर यांच्या तोंडाशी नाक नेले व त्यांचा दंड सोडला. मग त्यांनीच रिक्षा बोलावून सर्वांना सरकारी दवाखान्यात आणले.

तेथे जमादार म्हणाले, "बाई, दारू नाही तर मग वेड. मला कागदावर काहीतरी एक लिहावं लागेल." सुमनबाई म्हणाल्या, "तापात माणूस बरळतो, त्याला तुमी कोठडीत घालता का? मन आजारी हाय, असं लिहा. लाजायचं ते आमी दारूच्या टायमाला लाजून घेतलंय." नवऱ्याच्या नावावर असले लिहून घ्यायला भल्याभल्या घरच्या बाया धजत नाहीत. मुलींची लग्ने व्हायची आहेत. मला त्यांचा अभिमान वाटला व अजूनही वाटतो.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. पुष्कळ वर्षांची दारू एकाएकी तोडली की मेंदू असा बिथरतो, जिवावरही बेतते, असे ते म्हणाले. व्यसन हाच आजार आहे, मनाचाही आणि शरीराचाही, यापुढे कोणाला सोडायची असेल तर आधी आमच्याकडे पाठवा, असेही म्हणाले. मी त्यांना विचारले की, मग पिणारा मोकळाच झाला म्हणायचा, त्याचा दोष काहीच नाही? ते म्हणाले, दोष शोधत बसलो तर औषध कधी देणार? हे मला पूर्ण पटलेले नाही. पण झुंबर यांना मी डोळ्यांनी पाहिले आहे व ती मस्ती नव्हती.

आज सकाळी शिपायासमक्ष मी वॉर्डात गेले असता झुंबर शुद्धीवर आलेले होते. त्यांना कालचे काही आठवत नव्हते. त्यांनी माझ्या कपाळाची पट्टी पाहिली, खाटेजवळ पोलीस पाहिला, स्वतःच्या अंगावरून हात फिरवून पाहिला. मग कोणाकडेही न बघता विचारले, "सुमन, म्या घेतली का गं?"

सुमनबाई म्हणाल्या, "नाय घेतली. एक थेंब नाय."

झुंबर यांनी तोंडावर चादर ओढून घेतली. शिपाई उठून बाहेर गेला.

माझी झुंबर दोंदे यांच्याविरुद्ध तक्रार नाही. प्रथम लिहिताना या कागदात "दारूच्या नशेत" असे शब्द आले होते. ते मी खोडावयास लावले व त्या जागी "आजारात" असे घातले आहे. माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तसाच तो सुमनबाईंनाही ऐकवला. मी सांगितले तसाच तो आहे, म्हणून सही करते.

भिमाबाई सहादू पगारे