एकशेवीस फेटे आणि एक शटर

...न्हाय, तुमीच सांगा, सोताच्या दुकानाच्या उद्घाटनाला सुट्टी मागायची ती कुणाकडं? नोकरीत असतो तर साहेबाकडं मागितली असती, त्यानं दिली नसती, घरी येऊन त्याला शिव्या घातल्या असत्या, मोकळं वाटलं असतं. हितं शिव्या घालायच्या कुणाला? मालक कोण? मी!

तुमाला सांगतो, मोटर दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं. शेतातल्या पाण्याच्या मोटरी जळत्यात की न्हाय, त्या. मूळचा मी जेऊरचा, उजनीच्या पाण्याकडचा. तिकडं माणसं कमी आन् मोटरी जास्त. बारा वर्सं सोलापुरात दुसऱ्याच्या दुकानात बसून तांब्याची तार गुंडाळली. काम येतंय, भांडवल न्हाय. सिद्धप्पाण्णा म्हणून एक व्यापारी हायत, ते म्हणले, "पैसा मी घालतो की रं! गल्ल्यावर माजा मेव्हणा बसंल, बोर्डावर माजं नाव ऱ्हाईल, तू आपला आत बसून तार गुंडाळ." आता ते तर मी आधीच करत होतो! म्हणलं, अण्णा, नगं. जोडधंदा करीन, पै-पै साठवीन, उशीर झाला तर होऊ दे. पन मालक कोण? मी!

जोडधंदा म्हंजे फेटे. लग्नात फेटे बांधायचे. चुलतभावाच्या लग्नात हौसेनं चार बांधले, पाचवा मानूस म्हणला, "तुमचं कार्ड द्या." गुंडाळायचंच की, तिथं तार, हितं कापड. मोटरीचं डोकं हलत न्हाय, एवढाच फरक. दोन वर्सं बांधले. फेट्यावर दुकानाचं डिपॉझिट भरलं, मशीन घेतली, बोर्ड केला. सोलापुरातच, सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत शटर घेतलं. आता फक्त उघडायचं.

उघडायचं कवा? आमची आई, बजाबाई. म्हणली, "मुहूर्तावर." बरं. पंचांग काढलं. चांगला मुहूर्त असला की त्या दिवशी लग्नं. लग्नं असली की माजे फेटे, आधीच ठरलेले, विसार घेतलेला. ज्या दिवशी मी मोकळा, त्या दिवशी पंचांग मोकळं! मी म्हणलं, आई, मंगळवारी उघडू, काय होतंय? तर ती जेवायचीच थांबली. तिच्या न जेवण्यापुढं कुणाचं चालतंय? मालक कोण? मी... म्हंजे, कागदावर.

असं पाच महिने बंद शटरचं भाडं भरलं. दुकानमालक बडेसाबचाचा. भला मानूस, पन एक दिवस आला. "क्या अभिमन्यू, भाडा बराबर आता है, पर बंद दुकानापुढं लोगां कचरा टाकतेत. अक्षय तृतीयेला शटर वर गेलं तर तुमचं, नै तो दुसऱ्याला देतो." मला घाम फुटला हो. दोन वर्सांची डोकी बांधून उभं केलेलं, जाणार म्हणलं!

आन् अक्षय तृतीयेला तितनं पाऊन तासावर, मंद्रूपला लग्न. साठ फेटे. मी हिशोब घातला, साताला सुरू, नवाला संपवू, अकरा दहाच्या मुहूर्ताला सात रस्ता. साठ झाले बी नवाला! तर नवरीच्या मामाला फेटा बांधलेला बघून धाकटा मामा रुसला. त्याला बांधला. मग आत्याचा मालक. मग नवरदेवाची भावकी, "आमची डोकी काय भाड्यानं आनलीत व्हय?" एकाला बांधला की शेजारचं डोकं उघडं दिसतंय, ही ह्यातली गोम. साठाचे एकशेवीस झाले. मधनं पळावं, तर अर्धा फेटा सोडून जाणार कसा?

अकरा दहाला मी कुटं होतो? नवरदेवाच्या डोक्यामागं. त्याचा सकाळी बांधलेला फेटा ढिला झालेला. दोन्ही हात कापडात. शेवटी बायकोला, ऋतुजाला, व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल नवरदेवानं धरला. माज्या दुकानाचं शटर मी नवरदेवाच्या कानाशेजारनं बघितलं. आईनं नारळ फोडला, बडेसाबचाचानं शटर वर केलं, टाळ्या. नवरदेव मान न हलवता म्हणला, "अभिनंदन हं." माज्या डोळ्यांत पानी आलं. खोटं कशाला सांगू, लई वाईट वाटलं.

तेवढ्यात मोबाईलमधे पहिलं गिऱ्हाईक! निंगप्पा नावाचा शेतकरी, मोटरसायकलला मागं मोटर बांधलेली. "मिस्त्री कुटं हायत?" ऋतुजा म्हणली, "मंद्रूपला, लग्नात." तो म्हणला, "अरारा! मी मंद्रूपवरनंच आलो की!" गेला. म्हणलं, गेलं पहिलं गिऱ्हाईक.

तर पाऊन तासानं हा मांडवात हजर. मोटर घेऊन! मी म्हणलं, थांबा, दोन डोकी ऱ्हायलीत. ती उरकून आचाऱ्याच्या मागं बसलो, उघडून बघतो तर कपॅसिटर गेलेला. मांडवातल्या लायटिंगवाल्याकडनं मिळाला, धा मिनिटात मोटर सुरू. वर बघतो, तर भोवतीनं माजेच फेटे! सगळे शेतकरी. "मिस्त्री, आमची बी आवाज करतीय." "आमची घ्या, परवा भाच्याचं लग्न हाय, तितं आनतो."

तवापासनं असंच चाललंय. लग्नात फेटे बांधायचे आन् मांडवामागं मोटरी. दुकानात आई बसते, दोन्हीची बुकिंग घेते. बडेसाबचाचा खूश, शटर रोज वर जातंय. धंदा जोरात हाय, कुणाचा एक रुपाया न्हाय त्यात. मालक कोण? मीच की.

पुढच्या चार महिन्यांच्या तारखा गेल्यात. आता तुमच्यातलं कुणी सात रस्त्याकडनं आलं असंल, तर जरा सांगा हो... माजं दुकान उघडल्यावर आतनं कसं दिसतं?