दाढ वहिनीची, उत्तरं आईची

आमच्या वहिनीची दाढ ठणकत होती, म्हणून आईनं आणि मी तिला राहात्याहून नगरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचं तोंड बघता बघता डॉक्टरांनी विचारलं, "दम लागतो का?"

आई म्हणाली, "न्हाई."

"चक्कर?"

"न्हाई."

"तोंड यांनी उघडलंय, उत्तरं तुम्ही का देताय? हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात, अंगात रक्त नाही. दाढेचं नंतर बघू, आधी रक्त तपासून घ्या. पोटभर जेवतात का या?"

"आमच्यात बाया मागून जेवत्यात. उरंल ते," आई पुटपुटली.

मी भांडायच्या तयारीनंच घरी आले. पण आईनं वहिनीला थेट पुरुषांच्या पंगतीत बसवलं आणि माझ्यावरच डाफरली, "बघत काय बसलीस? ऊठ, वाढ तिला!"