साध्या वेशातले जावईबापू

थेटराचं दार उघडायला अवकाश होता, म्हणून सुलाबाईंचे कान शेजारच्या पुरुषांच्या रांगेत जाऊन बसले. नामपूरहून नाशकात आलेल्या एका म्हाताऱ्याला तिथं त्याचा जावई भेटला होता.

“जावईबापू, आज वर्दी नाय?”

“मामा, हळू! साध्या वेशात ड्यूटी आहे. तिकिटं ब्लॅक करणाऱ्याला पकडायचंय.”

सुलाबाईंनी मुठीतली दोन तिकिटं पदराखाली घेतली.

“म्हंजे ह्या कराटेच्या पिच्चरसारखं? हिरो पोलीस, पण गुंडांत गुंड होऊन राहतो?”

“अगदी तसंच.”

“अन् टोळीत सख्खा भाऊच निघाला तर?”

“बेड्या घालतो. मी पाहिलाय ना पिच्चर. ड्यूटी म्हणजे ड्यूटी.”

“सख्ख्या भावाला! मंग मेहुण्याला?”

“मेहुण्याला कोण सोडतंय?”

म्हातारा टाचा उंचावून पानपट्टीकडं ओरडला, “रंगनाथ, पळ! दाजी साध्या कपड्यात हायेत!”

“मामा! आता साहेबांना मी काय सांगू?”

“साहेबाला काय बी सांगता येतं. रंग्याला धरलं असतं, तर घरी त्याच्या बहिणीला काय सांगितलं असतं?”