चुकीचा घाव

नाही नाही, राहू द्या, कळतं मला. पाय फाकवून उभं राहायचं, गाठ टाळायची, ओंडक्याला मुळातच एक चीर गेलेली असते ती शोधायची आणि तिच्याच रेषेत घाव घालायचा — सगळं कळतं, भाऊ. तुम्ही मागच्या घरात राहायला आल्यापासून कुंपणावरून बघताय, तेही कळतं. वाटलं असेल, ही बाई एक दिवस स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणार — खरी. आज राहवलं नाही म्हणून आलात, चांगलं केलंत, पण जरा हळू बोला. आणि त्या खिडकीकडे लगेच वळून बघू नका. तिथे आमचे हे बसलेत. रोज सकाळी मीच बसवते, खुर्ची भिंतीला टेकवून, उशा लावून — मी लाकडं फोडताना दिसायला हवी ना त्यांना.

हे कामाला होते छापखान्यात, पण जीव सगळा या अंगणात. सुट्टीच्या दिवशी उठले की पहिली कुऱ्हाड. ही लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेली — तो बिचारा कंटाळला, इतके हेलपाटे घातले यांनी — आणि दांडा स्वतः घडवला, घासला, तेल पाजलं. माझ्या केसांना तेल आहे की नाही हे कधी विचारलं नाही, दांड्याला मात्र वेळच्या वेळी. कुणाला हात लावू देतील? छे. धाकटे दीर एकदा मागायला आले, दोन दिवसांसाठी, तर म्हणाले, हिला घेऊन जा हवं तर, कुऱ्हाड मागू नकोस. मी तिथेच उभी, हातात चहाचा ट्रे. हसले मीही. काय करणार, माणूसच तसा — नाकावर राग, पण पोटात काही नाही.

मागच्या हिवाळ्यात यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. ती व्यायामवाली बाई यायची, हातात चेंडू द्यायची, चित्रं दाखवायची, हे नुसते भिंतीकडे बघत राहायचे. घरातलं जळण संपत आलं तशी एक दिवस मीच कुऱ्हाड उचलली. काही येत नव्हतं हो तेव्हा, घातला घाव सरळ गाठीवर, रुतून बसली — आणि खिडकीतून धाड धाड. डाव्या हाताने खुर्ची बडवत होते. धावत आत गेले तर चेहरा लाल, ओठ थरथरतायत, आणि तोंडातून ‘ग… ग…’ गाठ म्हणायचं होतं, भाऊ. गाठ. इतक्या दिवसांत पहिलं अक्षर आलं ते माझ्यावर चिडून. मी तिथेच खाली बसून रडले, आणि हे आणखी चिडले, कारण कुऱ्हाड बाहेर तशीच रुतलेली.

मग काय, औषध सापडलं. दुपारी हे झोपले की मी नीट फोडते — ती मागची रास बघा, माझीच आहे, एकसारखी आहे ना? — आणि सकाळी यांच्यासमोर चुकते. कधी पाय जोडून उभी राहते, कधी दांडा टोकाला न धरता मध्येच धरते. रोज नवी चूक शोधायची म्हणजे सोपं नाही, सांगते तुम्हाला. पण हे चिडायचे. एकदा तर उजव्या हाताची बोटं हलली, कुऱ्हाड हिसकावून घ्यायची असल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, असेल, नसेलही. मला असेलच वाटलं. मला दुसरं काही वाटून घ्यायचंच नव्हतं.

हल्ली खुर्ची कमी वाजायला लागली. म्हटलं, माझ्या चुका जुन्या झाल्या असतील, वाढवाव्यात. वाढवल्या. काल शेवटी धार दगडावर घातली — त्या दगडावर, ठिणग्या उडाल्या, हे बघा, धारेला केवढी खाच पडलीय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, ती मी. वाटलं, आता खुर्ची मोडतील. वर बघितलं तर हे बघत होते माझ्याकडे. आणि मान हलवली. अशी — हळू, दोनदा. छान म्हणताना हलवायचे तशी. जमतंय तुला म्हणाले मला.

त्यांना आता चूक कळत नाही, भाऊ. किंवा कळते, आणि तिचं काही वाटत नाही. यातलं कुठलं बरं? नका सांगू. तुम्ही काय सांगणार.

एक गोष्ट करायची राहिलीय. घ्या ही हातात. घ्या ना, मीच देतेय. परक्या माणसाचा हात यांनी कधी लागू दिला नाही हिला. इकडे या, खिडकीसमोर. घाला गाठीवर. अंहं, जोरात, तुम्ही बघून घालताय, न बघता घाला. आणखी एक. आता दगडावर — मी म्हणते ना, घाला, तुमच्या अंगावर काही येणार नाही. माझी नजर खिडकीवरच आहे. घाला.

थांबा. हात उचलला. बघा, डावा, उचलला बघा —

माशी होती. माशी हाकलली.

पुरे. नको, इथे नका ठेवू, घेऊन जा ती. उसनी नाही हो, कायमची घेऊन जा, धार लावून घ्या, चांगली आहे अजून. जळण आहे भरपूर. जा आता, मला यांना भरवायचंय.