डोंगर राहिला

(अमरावती. सरकारी दवाखान्यासमोरच्या बाकड्यावर बाप-लेक.)

सहदेव : हळू पी दूध. इतके दिवस उपाशी पोट, एकदम काई द्याचं नाई म्हणे डॉक्टर.

वर्षाली : बाबा, खदानीची परवानगी रद्द झाली. कलेक्टरसाहेब स्वतः येऊन सांगून गेले, तेव्हाच मी उपोषण सोडलं.

सहदेव : ऐकलं म्या. वर चिखलदऱ्याकडं सुरुंगाचा आवाज नाई आता. झराही वाह्यते.

वर्षाली : तुम्ही वर गेले होते?

सहदेव : सोमवारी. तुह्या मायनं धाडलं. म्हणे, शाळेतले पोट्टे काय खाऊन राहिले पाहून या.

वर्षाली : मग?

सहदेव : शाळेले कुलूप हाय, वर्षा.

वर्षाली : संस्थेनं लावलं?

सहदेव : व्हय. खोल्या त्यायच्या, अन् त्यायले देणगी खदानवाल्याची. उपोषण सोड, नाईत खोल्या खाली कर, असं सांगतलं होतं म्हणे तुले.

वर्षाली : सांगितलं होतं. तरी मी बसले.

सहदेव : काहून पण? पुण्याची नोकरी सोडून नापास पोट्ट्यायसाठी शाळा काढली तू.

वर्षाली : शाळा पुन्हा उभी करता येते, बाबा. फोडलेला डोंगर नाही करता येत. इंजिनिअर आहे मी, एवढं मला कळतं.

सहदेव : बरोबर हाय. पण तवालोक पोट्टे कुठं थांबतीन?

वर्षाली : कुठं आहेत सगळे?

सहदेव : आपापल्या घरी. आरती तेवढी अकोल्याले गेली, मावशीकडं. जिनिंगमंदी कापूस उचलून राहिली.

वर्षाली : आरती? मार्चमध्ये दहावी आहे तिची. आत्ता कुठं गणित सुटायला लागलं होतं.

सहदेव : तिची माय भेटली मले. पार्वताबाई. बसाले चटई देल्ली, पाणी देल्लं. मंग म्हणे, तुमच्या पोरीनं डोंगर धरला, माही पोर सोडली.

वर्षाली : तुम्ही काय म्हणाले?

सहदेव : पाणी प्यालो. त्याच झऱ्याचं होतं. गोड होतं.

वर्षाली : पहिल्या दिवशी पार्वताबाई माझ्याच बाजूला बसली होती, बाबा. घोषणा देत.

सहदेव : थेही सांगतलं तिनं. म्हणे, मले दोन्ही पायजे होतं.

वर्षाली : मलाही.

सहदेव : पी ना. थंड झालं ते.

वर्षाली : अकोल्याची बस केव्हा आहे?

सहदेव : उभं राह्यता येत नाई अन् अकोल्याले निघाली. उद्या जाऊ. म्या येतो संगं.

वर्षाली : जाऊन तिला सांगू काय? ना खोली आहे, ना फळा.

सहदेव : आपल्या घरी राहू दे परीक्षेपर्यंत. तुह्या मायनं पलंग मोकळा करून ठेवला.

वर्षाली : आईनं? ती तर मी उपोषणाला बसल्यापासून बोलत नव्हती माझ्याशी.

सहदेव : अजूनही नाई बोलत. पलंग मोकळा केला फकस्त.

वर्षाली : बरं.

सहदेव : अन् पोट्टी नाई म्हणली त?

वर्षाली : तर तिच्यासोबत डबा खाईन आणि परत येईन.